डिस्चार्ज तर मिळाला, पण पुढे काय? महासाथीत हॉस्पिटलनंतरच्या उपचारांचं नियोजन कसं होतं

२०२१ चे एप्रिल-मे महिने आठवून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर सतत मेसेज यायचे. 'ऑक्सिजन बेड हवाय, अर्जंट.' 'व्हेंटिलेटर कुठे मिळेल?' बेड मिळाला की ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडायचे आणि लोक पुढच्या मेसेजकडे वळायचे.

पण ज्याला बेड मिळाला, त्याच्या घरच्यांची परीक्षा तिथे संपत नव्हती. पंधरा-वीस दिवसांनी डॉक्टर सांगायचे, "उद्या सोडतो." पेशंटला बाथरूमपर्यंत जाताना धाप लागतेय, रात्री ऑक्सिजन लावावा लागतोय, औषधांमुळे शुगर वाढलेली. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. घरातले बाकीचे नुकतेच पॉझिटिव्ह होऊन उठलेले. अशा वेळी पेशंटला न्यायचं कुठे आणि बघायचं कोणी?

हा प्रश्न फक्त त्या कुटुंबाचा वाटतो, पण तो अख्ख्या आरोग्य यंत्रणेचा प्रश्न आहे. कारण महासाथीत बेड रिकामा होतो तो पेशंट बरा झाल्यावर लगेच होत नाही. त्याला जायला सुरक्षित जागा असेल तेव्हाच होतो. ती जागा आधी ठरवलेली नसेल तर काय होतं, हे इंग्लंड, न्यूयॉर्क आणि आपल्या महाराष्ट्रानेही पाहिलंय.

हे सगळं नीट समजून घेऊया.

पोस्ट-अ‍ॅक्यूट केअर म्हणजे काय?

आजार अगदी जोरात असतो, जिवाला धोका असतो, तेव्हा जे उपचार होतात त्याला डॉक्टर 'अ‍ॅक्यूट केअर' म्हणतात. आयसीयू, ऑक्सिजन, इमर्जन्सी ऑपरेशन हे सगळं त्यात आलं. हा धोका टळल्यानंतर, पण माणूस पूर्ववत होण्याआधी, जी काळजी लागते ती 'पोस्ट-अ‍ॅक्यूट केअर'. मराठीत सोपं करून सांगायचं तर हॉस्पिटलनंतरची काळजी.

यात काय काय येतं?

- फिजिओथेरपी, म्हणजे पुन्हा उठायला, बसायला, चालायला शिकणं
- घरी किंवा छोट्या केंद्रात ऑक्सिजन
- जखमा, बेडसोअर, कॅथेटर, नळी यांची नर्सिंग
- गिळायला आणि बोलायला त्रास होत असेल तर स्पीच थेरपी
- शुगर, बीपी, रक्त पातळ करण्याची औषधं यांवर लक्ष
- झोप, भीती, विसरभोळेपणा यांसाठी मानसिक आधार

आयसीयूत बरेच दिवस काढलेल्या पेशंटना हे जास्त लागतं. नुसतं पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने झडतात. घशात नळी राहिल्याने गिळणं अवघड होतं. अनेकांना महिनोन्‌महिने अशक्तपणा, विसरभोळेपणा आणि अस्वस्थता राहते. याला 'पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम' असं नाव आहे आणि ते कोविडच्या आधीपासून डॉक्टरांना माहीत होतं. कोविडने फक्त अशा पेशंटची संख्या एकदम वाढवली.

दोन दिवस उशीर झाला तर काय बिघडतं?

एक साधं गणित करूया. आकडे समजण्यासाठी घेतलेत.

समजा एका हॉस्पिटलमध्ये १०० बेड आहेत आणि एक पेशंट सरासरी १० दिवस राहतो. म्हणजे रोज १० बेड रिकामे होणार आणि महिन्याला ३०० पेशंट दाखल होऊ शकणार.

आता समजा, पेशंट बरे झालेत, पण घरी ऑक्सिजन मशीनची सोय नाही, न्यायला कोणी नाही, पुढच्या केंद्रात जागा नाही. या कारणांनी प्रत्येक जण सरासरी २ दिवस जास्त थांबला. मुक्काम १० वरून १२ दिवसांवर गेला. महिन्याला दाखल होणारे पेशंट ३०० वरून २५० वर आले.

म्हणजे एकही बेड कमी न होता ५० पेशंटची जागा गेली. तेवढ्यासाठी नवीन बेड उभे करायचे तर २० बेड, त्यांचे डॉक्टर, नर्स आणि ऑक्सिजन लाइन हे सगळं लागेल.

यातून दोन चुकीचे रस्ते निघतात. एक म्हणजे पेशंटला अडकवून ठेवणं. त्याने बाहेरचा माणूस बेडवाचून राहतो. दुसरा म्हणजे जागा बघितल्याशिवाय पेशंटला बाहेर काढणं. त्याने धोका हॉस्पिटलमधून उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवला जातो. २०२० च्या मार्चमध्ये श्रीमंत देशांनी हा दुसरा रस्ता धरला.

इंग्लंड : बेड रिकामे झाले, पण…

१७ मार्च २०२० ला इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने, म्हणजे एनएचएसने, सगळ्या हॉस्पिटलना पत्र पाठवलं. साधारण १ लाख बेडपैकी ३० हजार रिकामे करायचे होते. त्यासाठी तातडी नसलेली ऑपरेशन पुढे ढकलायची आणि जे घरी जाऊ शकतात त्यांना लगेच सोडायचं. डिस्चार्जची वाट बघणारे आणि २१ दिवसांपेक्षा जास्त काळ असलेले पेशंट हलवले तर १५ हजारांपर्यंत बेड मिळतील असा अंदाज होता.

दोन दिवसांनी, १९ मार्चला, सविस्तर नियम आले. त्यात काही गोष्टी खरोखर चांगल्या होत्या. पेशंटला सोडायचा निर्णय झाला की साधारण तीन तासांत तो बाहेर पडला पाहिजे. त्याला पुढे काय मदत लागेल याची कागदपत्रं हॉस्पिटलमध्ये करत बसायची नाहीत, ती तपासणी घरी जाऊन करायची. आणि या पुढच्या काळजीचा खर्च सरकार देणार. त्यासाठी १.३ अब्ज पौंड ठेवले होते.

या नियमांत पेशंटचे चार मार्ग आखले होते. १०० पेशंट सुटले तर अंदाज असा होता :

- ५० जण थेट घरी, फारशी मदत न लागता
- ४५ जण घरी, पण नर्स, फिजिओ किंवा मदतनीस यांच्या आधाराने
- ४ जण पुनर्वसन केंद्राच्या बेडवर
- १ जण कायमच्या देखभालीसाठी केअर होममध्ये

नियोजन कसं करायचं हे समजायला ही विभागणी आजही उपयोगी आहे. ९५ लोक घरीच जाणार आहेत, त्यामुळे खरी तयारी घरापर्यंत पोचणाऱ्या माणसांची करायची. आणि उरलेल्या ५ लोकांसाठी जागा थोडी लागते, पण ती काटेकोरपणे सुरक्षित लागते.

इंग्लंडची चूक नेमकी या शेवटच्या गटात झाली.

केअर होम म्हणजे काय ते आधी सांगतो. वयस्कर, आजारी किंवा परावलंबी माणसं कायमची राहतात अशी निवासी संस्था. आपल्याकडच्या वृद्धाश्रमासारखी, पण देखभालीची सोय जास्त. म्हणजे कोविडचा सर्वात जास्त धोका असलेली माणसं एका छपराखाली.

इंग्लंडच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेने नंतर सांगितलं की १७ मार्च ते १५ एप्रिल २०२० या महिन्याभरात साधारण २५ हजार लोकांना हॉस्पिटलमधून केअर होममध्ये पाठवलं गेलं. या काळात सगळ्यांची कोविड टेस्ट करणं बंधनकारक नव्हतं. २ एप्रिलच्या सरकारी सूचनेत तर केअर होममध्ये पाठवण्याआधी निगेटिव्ह रिपोर्टची गरज नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. सगळ्यांची टेस्ट करायचं धोरण १५ एप्रिलला आलं.

पहिल्या लाटेत इंग्लंडच्या केअर होममधल्या सुमारे २० हजार रहिवाशांचा कोविडने मृत्यू झाला.

दोन महिलांनी सरकारला कोर्टात खेचलं. दोघींचेही वडील केअर होममध्ये गेले होते. २७ एप्रिल २०२२ ला लंडनच्या हायकोर्टाने निकाल दिला : ते धोरण बेकायदेशीर होतं. लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही संसर्ग पसरू शकतो, हा धोका सरकारने विचारात घेतला नाही. नव्याने आलेल्या रहिवाशाला शक्य तिथे १४ दिवस वेगळं ठेवा, असं सांगायला हवं होतं, असं कोर्टाने म्हटलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सगळे मृत्यू डिस्चार्जमुळेच झाले असं नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अभ्यासात केअर होममधल्या फक्त १.६ टक्के उद्रेकांची सुरुवात हॉस्पिटलमधून आलेल्या पेशंटमुळे झाल्याची शक्यता दिसली. अर्थात सुरुवातीला टेस्टच कमी होत होत्या, म्हणून या आकड्यावर वाद आहे. दुसरा रस्ता होता कर्मचाऱ्यांचा. 'व्हिवाल्डी' नावाच्या सर्वेक्षणात दिसलं की जिथे आजारी कर्मचाऱ्याला पगारी रजा मिळते तिथे संसर्ग कमी होता आणि जिथे वारंवार बाहेरून बदली माणसं बोलावली जातात तिथे जास्त.

साहजिक आहे. रजा घेतली तर पगार कापला जाणार असेल, तर माणूस ताप दाबून कामावर येतो. म्हणजे हॉस्पिटलनंतरच्या काळजीच्या नियोजनात मदतनिसाची पगारी रजाही येते.

न्यूयॉर्क : एकीकडे रिकामे बेड, दुसरीकडे भरलेली नर्सिंग होम

अमेरिकेत 'नर्सिंग होम' हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे गल्लीतलं छोटं खासगी हॉस्पिटल. तिकडे ती वृद्धांची निवासी संस्था असते आणि ऑपरेशननंतर काही आठवडे पुनर्वसनासाठीही लोक तिथेच जातात. त्यामुळे अमेरिकेत हॉस्पिटलनंतरची काळजी आणि वृद्धांची कायमची देखभाल अनेकदा एकाच इमारतीत होते.

२५ मार्च २०२० ला न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाने आदेश काढला. फक्त कोविड आहे किंवा असल्याचा संशय आहे, एवढ्या कारणावरून नर्सिंग होमने पेशंट नाकारायचा नाही. हॉस्पिटलने पेशंट स्थिर आहे म्हटलं की प्रवेशाआधी टेस्टची अटही घालायची नाही. १० मे ला धोरण बदललं आणि निगेटिव्ह टेस्टशिवाय नर्सिंग होममध्ये पाठवू नका असं सांगण्यात आलं. असोसिएटेड प्रेसने नंतर मिळवलेल्या माहितीनुसार कोविडमधून सावरत असलेले ९ हजारांहून जास्त पेशंट या काळात नर्सिंग होममध्ये गेले.

राज्य सरकारचं म्हणणं होतं की संसर्ग मुख्यतः कर्मचाऱ्यांमधून आत आला. तो वाद चालू राहिला. जानेवारी २०२१ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्या अहवालाने आणखी एक गोष्ट समोर आणली. नर्सिंग होमच्या रहिवाशांच्या मृत्यूंची नोंद ५० टक्क्यांपर्यंत कमी दाखवली गेलेली असू शकते. जे रहिवासी हॉस्पिटलमध्ये नेल्यावर गेले, ते राज्याच्या जाहीर आकड्यात नर्सिंग होमचे मृत्यू म्हणून धरलेच नव्हते.

याच काळात न्यूयॉर्कच्या बंदरात 'कम्फर्ट' नावाचं नौदलाचं हॉस्पिटल जहाज उभं होतं. १ हजार बेडचं. ३० मार्चला आलं आणि एप्रिलअखेर परत गेलं. एकूण पेशंट तपासले १८२. सुरुवातीला तिथे कोविड नसलेलेच पेशंट घ्यायचे असं ठरलं होतं आणि तसे पेशंट फार नव्हतेच.

म्हणजे शहरात बेड होते, पण ज्या प्रकारच्या पेशंटला जागा हवी होती त्याच्यासाठी नव्हते. संसर्ग अजून गेलेला नाही, आयसीयूची गरज नाही, पण घरीही जाता येत नाही, असा हा मधला पेशंट. नियोजनात तोच विसरला जातो.

इंग्लंडने पुढे या मधल्या पेशंटसाठी एक चांगलं काम केलं. मे २०२० मध्ये सरे परगण्यातल्या हेडली कोर्ट या जागी 'एनएचएस सीकोल सेंटर' सुरू झालं. पूर्वी तिथे जखमी सैनिकांचं पुनर्वसन व्हायचं. कोविडमधून उठलेल्या पण अजून पायावर उभ्या न राहिलेल्या लोकांसाठी तिथे बेड, फिजिओ आणि नर्स अशी सोय केली गेली. क्रिमियाच्या युद्धात जखमींची सेवा करणाऱ्या मेरी सीकोल यांचं नाव त्याला दिलं.

आपल्याकडे घर हेच केंद्र

आता भारताकडे येऊ. आपल्याकडे केअर होमची मोठी व्यवस्था नाही. त्यामुळे इंग्लंडसारखा प्रकार तसाच घडला नाही. पण त्याचा दुसरा अर्थ असा की हॉस्पिटलनंतरची जवळजवळ सगळी काळजी घरावर येते. आणि घरात ती बहुतेक वेळा बाईवर येते. सून, बायको, मुलगी. ज्यांना परवडतं ते ब्युरोतून बाई किंवा मावशी लावतात. लाटेच्या काळात तीही मिळत नव्हती.

७ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविडसाठी तीन पायऱ्या ठरवल्या. सौम्य लक्षणांसाठी कोविड केअर सेंटर, मध्यमसाठी कोविड हेल्थ सेंटर आणि गंभीर पेशंटसाठी कोविड हॉस्पिटल. पेशंट बिघडला तर वरच्या पायरीवर नेण्याचा रस्ता यात ठळक होता.

८ मे २०२० ला डिस्चार्जचे नियम बदलले. सौम्य लक्षणं असतील, सुरुवातीपासून १० दिवस झाले असतील आणि ३ दिवस ताप नसेल तर टेस्ट न करता घरी सोडायचं. पुढचे ७ दिवस घरी वेगळं राहायचं. बेड आणि टेस्ट दोन्ही कमी असताना हे गरजेचं होतं. पण एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे 'वेगळं राहा' म्हणजे नक्की काय करायचं, हा प्रश्न कुटुंबाकडेच राहिला.

महाराष्ट्रात हॉस्पिटलमध्ये पोचवण्याचं काम पुढे बरंच सुधारलं. मुंबईत २४ वॉर्डांत वॉर रूम उभ्या राहिल्या. बीकेसी, गोरेगाव, पुण्यात सीओईपीचं मैदान अशा ठिकाणी जम्बो सेंटर आली. आत येणाऱ्या पेशंटसाठी एक फोन, एक यादी, एक जबाबदार माणूस होता.

बाहेर पडणाऱ्यासाठी असं एकसंध काही नव्हतं. प्रयत्न झाले. १३ सप्टेंबर २०२० ला केंद्राने कोविडनंतरच्या काळजीच्या सूचना काढल्या. डिस्चार्जनंतर ७ दिवसांत पहिली तपासणी, प्रत्यक्ष किंवा फोनवर, व्हायला हवी असं त्यात होतं. केईएमसह मुंबई पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत पोस्ट-कोविड ओपीडी सुरू झाल्या. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी ओपीडीमुळे घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येऊ लागलं. पण ओपीडीला पेशंटने स्वतः यायचं असतं. ज्याला जिना उतरता येत नाही तो येणार कसा?

गावाकडे हा भार राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा ताईंवर होता. सर्वेक्षण, ऑक्सिजन तपासणं, औषधं, लसीकरण आणि वर घरी सुटलेल्या पेशंटवर लक्ष. जून २०२१ मध्ये मानधनासाठी त्यांना संप करावा लागला, यावरून या कामाची किंमत किती केली गेली ते कळतं.

केरळकडे एक वेगळी तयारी होती. २००८ मध्येच त्या राज्याने पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे दीर्घ आजारी माणसाला घरी जाऊन आधार देण्याचं, सरकारी धोरण केलं होतं. ग्रामपंचायत, नर्स आणि स्वयंसेवक यांची घरोघरी जाण्याची सवय आधीपासून होती. कोविडमध्ये तिथे पोस्ट-कोविड क्लिनिक फक्त मेडिकल कॉलेजात उघडली नाहीत, ती प्राथमिक स्तरापर्यंत नेली गेली. साथ आल्यावर एका महिन्यात अशी सवय लागत नाही.

म्युकरने काय दाखवलं?

डिस्चार्जनंतर लक्ष नसेल तर काय होऊ शकतं याचं आपल्याकडचं सर्वात वाईट उदाहरण म्हणजे म्युकरमायकोसिस. लोक त्याला 'काळी बुरशी' म्हणायचे.

गंभीर कोविडमध्ये स्टेरॉइड दिली जायची आणि योग्य पेशंटला त्याने जीव वाचायचा. पण स्टेरॉइडने रक्तातली साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते. डायबेटिस असलेल्या, साखर ताब्यात नसलेल्या लोकांना या बुरशीने गाठलं. अनेकांना ती कोविडमधून उठून घरी आल्यानंतर झाली. सुरुवात नाक चोंदणं, गालावर सूज, दात हलणं, डोळ्याभोवती दुखणं अशी साधी वाटणारी. उशीर झाला तर डोळा किंवा जबड्याचा भाग काढावा लागायचा.

मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य करायला सांगितलं. महाराष्ट्र आणि गुजरात सर्वात जास्त पेशंट असलेल्या राज्यांत होते. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी लोक पुन्हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले.

प्रत्येक म्युकर टाळता आला असता असं कोणी म्हणू शकत नाही. पण घरी जाताना ग्लुकोमीटर, स्टेरॉइड कधी थांबवायचं याची तारीख, धोक्याच्या लक्षणांची मराठीतली चिठ्ठी आणि तिसऱ्या-सातव्या दिवशी एक फोन, एवढ्याने काही लोक तरी लवकर हॉस्पिटलला पोचले असते. यातल्या कशालाही आयसीयू लागत नाही.

मग चांगलं नियोजन कसं असतं?

या सगळ्या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात.

१. दाखल होतानाच बाहेर पडण्याचा विचार. घरी कोण आहे, कितवा मजला, वीज जाते का, संडास घरात आहे का. हे पहिल्या दिवशी विचारलं तर डिस्चार्जच्या दिवशी धावपळ होत नाही.

२. पेशंटची विभागणी. किती जण थेट घरी, किती जण मदतीसह घरी, किती जण मधल्या केंद्रात. प्रत्येक जिल्ह्याने स्वतःचा अंदाज आधी मांडायचा.

३. मधली जागा वेगळी. सावरत असलेल्या पण संसर्ग असू शकणाऱ्या पेशंटसाठी स्वतंत्र केंद्र. वृद्धाश्रमात किंवा घरात धोक्यातली माणसं असतील तर टेस्ट किंवा ठरलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय पाठवायचं नाही.

४. उशिरा येणारी गर्दी. आकडे कमी व्हायला लागले की सेंटर बंद करायची घाई होते. पण हॉस्पिटलनंतरची गरज लाटेच्या काही आठवडे मागून येते. टीव्हीवर 'लाट ओसरली' अशी पट्टी लागते तेव्हा फिजिओ आणि घरच्या ऑक्सिजनची मागणी वाढलेली असते. एकच सेंटर आधी उपचारासाठी आणि नंतर पुनर्वसनासाठी वापरता येतं.

५. माणसं. फिजिओथेरपिस्ट, नर्स, मदतनीस. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा फिजिओथेरपिस्ट नसतो. साथ नसताना ही पदं भरली तरच साथीत माणसं मिळतात. आणि त्यांना पगारी रजा, मास्क, लस आधी.

६. सामान. ऑक्सिजन मशीन, वॉकर, एअर बेड, ग्लुकोमीटर यांची तालुक्यात 'वापरा आणि परत करा' पद्धतीची पेढी. अनेक ठिकाणी गणेश मंडळं आणि सामाजिक संस्थांनी हे कोविडमध्ये केलं. त्याला सरकारी यादीत जागा हवी.

७. मोजणी. डिस्चार्ज झालेला माणूस ३० दिवसांनी कसा आहे? पुन्हा दाखल झाला का? 'बरे झाले' या रकान्यात गेलेल्या माणसाची पुढची माहिती नसेल तर चूक कुठे झाली ते कळत नाही. न्यूयॉर्कचा आकड्यांचा गोंधळ इथलाच.

पैसे कोण देणार?

इंग्लंडमध्ये सुरुवातीला पुढच्या काळजीचा खर्च सरकारने उचलला. सप्टेंबर २०२० पासून ही मदत सहा आठवड्यांपर्यंत मर्यादित केली.

आपल्याकडे आयुष्मान भारत योजनेत डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरले जातात. जुलै २०२० मध्ये आलेल्या 'कोरोना कवच' पॉलिसीत डिस्चार्जनंतर ३० दिवसांचा खर्च आणि घरच्या उपचाराचे १४ दिवस होते. अनेक नेहमीच्या मेडिक्लेममध्ये ६० दिवस असतात. पण मदतनीस बाईचा पगार, घरी येणारा फिजिओ, भाड्याचं ऑक्सिजन मशीन यांपैकी काय मिळेल हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांवर ठरतं. आणि जी मुलगी नोकरी सोडून दोन महिने घरी बसते, तिच्या बुडालेल्या पगाराचं बिल कुठेच लागत नाही.

डिस्चार्जच्या आधी विचारायचे प्रश्न

साथ असो वा नसो, घरातलं कोणी मोठ्या आजारातून उठून घरी येणार असेल तर हे प्रश्न डॉक्टरांना किंवा सिस्टरना नक्की विचारा. स्क्रीनशॉट काढून ठेवलात तरी चालेल.

- पेशंटला चालवून ऑक्सिजन तपासलाय का? किती पडतो?
- घरी ऑक्सिजन लागणार का, किती लिटर, किती दिवस?
- कोणतं औषध कधी बंद करायचं? विशेषतः स्टेरॉइड आणि रक्त पातळ करणारं.
- शुगर आणि बीपी दिवसातून किती वेळा बघायचं? किती आलं तर फोन करायचा?
- कोणती लक्षणं दिसली तर लगेच आणायचं? मराठीत लिहून द्याल का?
- व्यायाम कोण शिकवणार? एकदा आमच्यासमोर करून दाखवाल का?
- रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा? नाव आणि नंबर.
- पुढची तपासणी कधी? येणं शक्य नसेल तर फोनवर होईल का?
- मेडिक्लेमसाठी पुढची कोणती बिलं जपून ठेवायची?

यातला एकही प्रश्न अवघड नाही. पण गर्दीच्या वॉर्डात, हातात बिल आणि फाइल घेऊन उभं असताना एकही आठवत नाही. म्हणूनच ते कुटुंबाने लक्षात ठेवण्यावर सोडून चालत नाही. ते हॉस्पिटलच्या फॉर्मवर छापलेले हवेत आणि त्याखाली कोणाची तरी सही हवी.

पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आली की जम्बो सेंटरच्या उद्घाटनाचे फोटो येतील, बेडचे आकडे रोज संध्याकाळी जाहीर होतील. तेव्हा त्या आकड्यांच्या शेजारी आणखी एक आकडा मागायला हवा. आज किती जणांना घरी सोडलं आणि त्यातल्या किती जणांना आठवड्याभरात कोणीतरी फोन केला?